भाषणामागचं सामान आणि माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंतप्रधानांच्या किंवा कुठल्याही मोठ्या नेत्याच्या सभेचं काम करून आलो की घरी, पाहुण्यांत, चहाच्या टपरीवर सगळीकडे लोक तेच तेच विचारतात, त्या काचा कसल्या, दोन माईक कशाला, लाइट गेली तर काय करता, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. मी साउंडवाला आहे. वडिलांकडे चार भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि ट्रॅक्टरची बॅटरी होती, तिथून सुरुवात झाली, आता बावीस वर्षं झाली. राजकारण इथे नाही, फक्त सामान आणि ते चालवणारी माणसं.

नेत्यासमोर दोन माईक का असतात? स्टिरिओ असतं का?

नाही हो. एक चालू असतो आणि दुसरा स्टँडबाय. भाषण चालू असताना पहिला मेला तर मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज जिथून कमी-जास्त करतात त्या मशिनवर, बसलेला माणूस दुसऱ्याचा फेडर, आवाजाची सरकती दांडी, वर करतो, आणि काम नीट झालं तर समोरच्या हजारो लोकांपैकी एकालाही कळत नाही. दोघांच्या केबल वेगळ्या, शक्यतो मिक्सरवरचे चॅनलही लांब लांब, म्हणजे एकाच गोष्टीने दोन्ही जायला नको. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पुढ्यात ते काळी टोपी घातलेले दोन माईक दिसतात ना, ते शुअर कंपनीचे एसएम 57. लिंडन जॉन्सन यांच्या काळापासून तोच माईक चालत आलाय. तोच माईक आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाले गिटारच्या ॲम्प्लिफायरसमोर आणि ढोलकीला लावतात. महाग नाही, नाजूक तर अजिबात नाही. इतक्या वर्षांत तो का बदलला नाही हे ज्याने एकदा हा माईक हातातून पाडलाय आणि उचलून परत वापरलाय त्याला बरोबर कळेल.

वरची काळी फोमची टोपी वाऱ्यासाठी आणि प, फ, भ असली अक्षरं फुटू नयेत म्हणून. कॉर्डलेस माईक मी अशा कामाला स्वतःहून कधीच देत नाही, तिथे जॅमर असतात, शंभर वॉकीटॉकी असतात, वायर ती वायर.

डाव्या-उजव्या बाजूला उभ्या असलेल्या काचा बुलेटप्रूफ असतात का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्या टेलिप्रॉम्प्टरच्या काचा. खाली जमिनीवर एक स्क्रीन आडवा, तोंड आभाळाकडे करून ठेवलेला असतो, त्यावर भाषणाची अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी सरकत असतात, आणि वर साधारण 45 अंशात तिरकी काच असते तिच्यात ती सुलट होऊन बोलणाऱ्याला दिसतात. काचेवर खास लेप असतो, थोडा उजेड परतवते आणि बाकीचा आरपार जाऊ देते. त्यामुळे बोलणाऱ्याला अक्षरं आणि समोरच्यांना नुसती काच. दोन्ही काचांवर मजकूर एकच असतो. म्हणून नेता थोडा वेळ डावीकडे बघतो, थोडा वेळ उजवीकडे, आणि आपल्याला वाटतं हा सगळ्या सभेकडे बघून बोलतोय.

यंत्र तसं जुनं आहे. 1950 च्या आसपास अमेरिकेत फ्रेड बार्टन नावाच्या नटाला संवाद लक्षात ठेवायला काहीतरी हवं होतं, आयर्विंग कान आणि ह्युबर्ट श्लाफ्ली यांच्याबरोबर त्यातून हे निघालं, तेव्हा आत कागदाची गुंडाळी फिरायची. 1952 मध्ये शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात माजी अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी ते वापरलं आणि तिथून ते राजकारणात आलं ते कायमचंच.

टेलिप्रॉम्प्टर आपोआप सरकतो का?

नाही, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. तिथे एक माणूस बसलेला असतो. हातात एक नॉब किंवा छोटा कंट्रोलर, कानात हेडफोन, नजर मजकुरावर. नेता थांबला की तो थांबतो, टाळ्या वाजल्या की थांबतो, नेत्याने मध्येच कागदाबाहेरचा किस्सा सुरू केला की तो जागच्या जागी धरून ठेवतो आणि किस्सा संपून गाडी कुठल्या ओळीवर परत येईल याचा अंदाज घेत बसतो. लोकांना वाटतं नेता मशिनच्या मागे धावतो, तसं झालं तर ते वाचन होतं, भाषण होत नाही. चांगला ऑपरेटर बोलणाऱ्याच्या मागे चालतो, तबलजी गवयाच्या मागे चालतो ना, तसा. आणि सम चुकली तर दोघांचीही चुकते.

तो बंद पडला किंवा चुकला तर?

तर बोलणाऱ्याची खरी परीक्षा. सप्टेंबर 1993 मध्ये बिल क्लिंटन अमेरिकन काँग्रेससमोर आरोग्य योजनेवर बोलायला उभे राहिले आणि समोर काचेवर त्यांचं आधीचं, फेब्रुवारीतलं भाषण. चुकीची फाइल. ते कित्येक मिनिटं विषय डोक्यात होता त्यावर आणि कागदावर रेटत राहिले आणि मागे माणसं घाम गाळत खरी फाइल शोधत होती. घरी टीव्हीवर बघणाऱ्यांना पत्ता नाही. जुलै 2009 मध्ये बराक ओबामांच्या भाषणात तर काचच खाली पडून फुटली. आणि ऑक्टोबर 2010 मध्ये त्यांच्याच पोडियमवरचं, म्हणजे भाषणाच्या उभ्या टेबलावरचं, अध्यक्षांचं बोधचिन्ह भाषण चालू असताना टणकन खाली पडलं. ते हसून पुढे गेले पण ते चिन्ह ज्याने लावलं होतं त्या माणसाची रात्र कशी गेली असेल हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

म्हणून छापील कागद पोडियमवर असतोच, असायलाच पाहिजे.

माईक टेस्टिंगला "हॅलो हॅलो चेक" एवढंच का म्हणतात?

कारण माईक चालू आहे का नाही हे दुरून कळत नाही. ऑगस्ट 1984 मध्ये रोनाल्ड रेगन रेडिओच्या भाषणाआधी आवाज तपासताना रशियावर बॉम्बहल्ला सुरू करतोय अशा अर्थाची थट्टा करून बसले, ती रेकॉर्ड झाली आणि जगभर गेली. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, माईकसमोर उभं राहून शिवी नाही, थट्टा नाही, कुणाचं नाव नाही. एक ते दहा आकडे म्हण आणि बाजूला हो.

आपल्याकडे सभांना लाउडस्पीकर कधी आले?

हा माझा आवडता विषय, म्हणून इथे जरा लांबवतो.

गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांचे जुने फोटो काढून बघा, माईकवर एक पट्टी दिसेल, शिकागो रेडिओ. नाव अमेरिकेचं पण कंपनी इथलीच. मोटवाने कुटुंबाची. 1909 मध्ये सिंधमधल्या सक्करला ग्यानचंद मोटवाने यांनी धंदा सुरू केला, तिथून कराची आणि मग मुंबई. पुढे त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर लावायचं मनावर घेतलं आणि 1931 च्या कराची अधिवेशनापासून ते सामान घेऊन गावोगाव जायला लागले. त्याआधी लाखाच्या सभेत पुढच्या काही रांगांना ऐकू जायचं आणि मागचे लोक दर्शन घेऊन परत जायचे. जरा डोळ्यासमोर आणा, वीज नसलेल्या गावात बॅटऱ्या, व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर, जड कर्णे, बांबूवर चढलेली पोरं. स्वातंत्र्याची चळवळ मागच्या रांगेपर्यंत पोहोचली त्यात या माणसांचा हात आहे आणि तो कुठल्या शाळेच्या पुस्तकात मला दिसला नाही, याचं वाईट वाटतं.

एवढंच नाही. 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, नोव्हेंबरात पोलिसांनी पकडला, त्या खटल्यात नानिक मोटवानेही आरोपी होते. नंतर सुटले. मोटवाने कंपनी आजही आहे, आणि आमच्या नाशिकशी तिचा जुना संबंध आहे. वडिलांच्या चार भोंग्यांपैकी एकावर शिकागोची पट्टी होती, रंग उडालेला, पट्टी मात्र ते दर दसऱ्याला पुसायचे.

जगात बघायचं तर सप्टेंबर 1919 मध्ये सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन लाउडस्पीकरवरून सुमारे 50,000 लोकांसमोर बोलले, तेही काचेच्या खोलीत उभे राहून. बघा, काच तेव्हापासून या धंद्याच्या मागे लागलीय.

सगळ्यात मागच्या माणसाला आवाज नीट कसा जातो? नुसता मोठा करायचा का?

नुसता मोठा केला तर पुढच्यांचे कान फुटतात आणि मागे गोंधळच ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. म्हणजे स्टेजपासून 100 मीटरवर उभ्या माणसाला स्टेजचा आवाज जवळपास 0.3 सेकंद उशिरा जातो. आता त्याच्या शेजारी आपण दुसरा टॉवर लावला आणि त्याला सिग्नल वायरमधून दिला तर वायरमधला लगेच पोहोचतो, टॉवर आधी बोलतो आणि स्टेज नंतर, आणि त्या माणसाला "भाइयों भाइयों बहनों बहनों" असं दुहेरी ऐकू येतं. म्हणून मागच्या टॉवरला मुद्दाम तेवढा उशीर द्यायचा, त्याला डिले टॉवर म्हणतात. मिक्सरमध्ये मिलिसेकंदाचा आकडा टाकायचा की झालं, पण आकडा टाकून गप्प बसायचं नाही, चालत जाऊन ऐकायचं. उन्हात आवाज थोडा जोरात पळतो, संध्याकाळी थोडा मंदावतो, वारा आला की तो बाजूलाच वाहून जातो आणि माणसं भरली की मोकळ्या मैदानावरचा सगळा हिशोब बदलतो कारण माणसाचं अंग आवाज पितं.

वडील सांगायचे, मशिनपाशी बसू नकोस, जा आणि शेवटच्या म्हातारीच्या बाजूला उभा राहा. मी अजूनही तेच करतो. कानाला हात लावून ऐकणारी बाई दिसली की समजायचं काम अर्धवट आहे.

माईक शिट्टी का मारतो?

स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये गेला, तिथून परत स्पीकरमध्ये, असं चक्र झालं की. स्पीकर माईकच्या पुढे ठेवा, नेत्याला माईकच्या जवळ बोलायला सांगा, ज्या फ्रिक्वेन्सीला वाजतंय ती खाली घ्या. नेता माईकवर टकटक करायला लागला की आमचा जीव वर येतो, कृपा करून कुणी करू नका.

पूर्वी पोडियमवर चॅनलवाल्यांच्या माईकचं जंगल असायचं, ते कुठे गेलं?

आता प्रेस बॉक्स असतो. पोडियमच्या माईकवरून एक फीड निघते, ती एका डब्यात जाते, डब्याला पंधरा, वीस, तीस आउटपुट, ज्याने त्याने आपली वायर लावायची.

इथला एक प्रसंग सांगतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी सभा, प्रेसचा डबा माझ्याकडे. भाषणाला तासभर बाकी, एक कॅमेरामन आला, म्हणाला दादा आवाजात घूं येतंय. मी म्हटलं तुझी वायर बघ. दोन मिनिटांत दुसरा आला, मग चौघं, मग सगळेच. घूं म्हणजे विजेचं 50 हर्ट्झचं गुणगुणणं, अर्थिंगचा घोळ. स्टेजकडून येणारी लाइन मी हेडफोनवर ऐकली, स्वच्छ. म्हणजे घाण डब्याच्या पुढून मागे येत होती. मग एकेक वायर काढायला लागलो, एक काढ, ऐक, परत लाव, दुसरी काढ. चॅनलवाले ओरडतायत, आत जायचे रस्ते बंद झालेले, एक पोलीस अधिकारी सारखा विचारतोय काय चाललंय. सतरावी वायर काढली आणि घूं गेलं. तो एक नवखा पोरगा होता, त्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरली होती म्हणून त्याने शोभेच्या लाइटच्या बोर्डातून करंट घेतला होता, तो बोर्ड दुसऱ्या जनरेटरवर, दोन जनरेटरचं अर्थिंग वेगळं, सगळा कचरा त्याच्या वायरमधून माझ्या डब्यात आणि तिथून सगळ्यांकडे. पोराचा चेहरा पांढरा पडलेला. त्याला आमच्या बोर्डातून लाइन दिली, त्याच्या वायरला मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, तो आवाज जाऊ देतो पण दोन्हीकडची वीज जोडू देत नाही, आणि पाणी प्यायला दिलं. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येक आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असलेलाच डबा आहे, स्वस्तातला मी विकून टाकला.

सिक्युरिटी आमच्यासारख्या कामगारांना आत कशी सोडते?

पंतप्रधानांची सुरक्षा एसपीजीकडे, म्हणजे विशेष सुरक्षा दलाकडे, 1985 पासून. त्यांची माणसं आधी येऊन जागा बघतात, जिल्हाधिकारी, पोलीस, बांधकाम खातं, फायर ब्रिगेड, आरोग्य सगळ्यांची मीटिंग होते. आमच्या प्रत्येक पोराचं नाव, आधार, फोटो आधी द्यावं लागतं, पोलीस पडताळणी होते, मग पास. ऐनवेळी एखादा आजारी पडला तर बदली माणूस आत जाईलच असं नाही, म्हणून दोन नावं जास्तीची द्यायची. स्टेजचा मजबुतीचा दाखला लागतो, विजेचा वेगळा लागतो. मग बॉम्बशोधक पथक आणि कुत्री येतात, प्रत्येक स्पीकरचा डबा, प्रत्येक केबलचा ढीग तपासतात, आणि एकदा तपासणी झाली की ती जागा बंद. नंतर "साहेब एक स्क्रू ड्रायव्हर राहिला" चालत नाही. स्टेज आणि पब्लिक यांच्यामधली मोकळी जागा असते तिला सगळे डी म्हणतात, तिथे तर विनाकारण पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

चिडचिड होते, खोटं कशाला बोलू. पण मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरच्या सभेत राजीव गांधींचं काय झालं ते आठवलं की मी गुपचूप हात वर करून उभा राहतो.

लाल किल्ल्यावर वेगळं काय असतं?

तिथली काच खरोखरच बुलेटप्रूफ असायची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर 1985 पासून पंतप्रधान काचेच्या आड उभे राहून बोलत, 2014 ला नरेंद्र मोदी उघड्यावर उभे राहिले. साउंडवाल्याच्या नजरेतून सांगतो, बोलणाऱ्याच्या अगदी जवळ काच म्हणजे त्रास, आवाज काचेवर आपटून परत माईकमध्ये येतो आणि डब्यात बोलल्यासारखं होतं. उघड्यावर ते जातं पण वारा येतो, पाऊस येतो, ऑगस्ट महिना असतो. आणि वेळ बघा, 2024 चं भाषण 98 मिनिटं, 2025 चं 103 मिनिटं. एवढा वेळ दूरदर्शनचा कॅमेरामन, आकाशवाणीचा इंजिनिअर, खुणांच्या भाषेत सांगणारी माणसं, कुणालाही एक मिनिट मान इकडेतिकडे करता येत नाही, आणि बाकीच्या चॅनलवर आपण जे बघतो तेसुद्धा दूरदर्शननेच टिपलेलं असतं.

लाइट गेली तर?

महावितरणच्या लाइनवर असली सभा कुणी घेतच नाही. दोन सायलेंट जनरेटर, एक चालू, दुसरा गरम करून तयार, आणि मिक्सर, माईक, प्रॉम्प्टर यूपीएसवर. डिझेल भरलंय का हे कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही, झाकण उघडून स्वतः बघायचं.

अमेरिकेत हे सगळं कोण करतं?

तिथे लष्कराची माणसं. 1942 मध्ये त्यासाठी सिग्नल कोअरची, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेची, एक तुकडी तयार केली, तीच आजची व्हाइट हाउस कम्युनिकेशन्स एजन्सी. पोडियम, माईक, टेलिफोन, रेकॉर्डिंग सगळं तेच बघतात, अध्यक्ष कुठेही जावोत, सामान आधी पोचलेलं असतं. त्यांच्या जाड चिलखती पोडियमला ब्लू गूज म्हणतात, निळा हंस.

होलोग्राम आणि ते एआयचं भाषांतर कसं चालतं?

होलोग्राम म्हणजे परत काचेचाच खेळ, तिरक्या पारदर्शक पडद्यावर प्रतिमा पाडायची. 2012 च्या गुजरात निवडणुकीत मोदींच्या सभा अशा एकाच वेळी अनेक ठिकाणी झाल्या. भाषांतराचं म्हणाल तर डिसेंबर 2023 ला वाराणसीत काशी तमिळ संगममला त्यांचं हिंदी भाषण भाषिणी या सरकारी प्रणालीने तिथल्या तिथे तमिळमध्ये श्रोत्यांच्या कानात दिलं. मशिनला स्वच्छ आवाज लागतो, म्हणजे आमचं काम कमी झालं नाही, वाढलंच.

रात्री दहानंतर साउंड बंदच का करता? पाच मिनिटं चालवलं तर काय बिघडतं?

नियम आहे, 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राजस्थानात आबू रोडला पंतप्रधानच उशिरा पोचले, तर माईक न घेता लोकांपुढे वाकून नमस्कार केला आणि निघाले. मी हे उदाहरण प्रत्येक आयोजकाला सांगतो, कारण गुन्हा दाखल होतो तेव्हा सामान आमचं जप्त होतं.

मांडवाची एवढी काळजी का?

जुलै 2018, पश्चिम बंगालमधलं मिदनापूर. पंतप्रधानांचं भाषण चालू, पाऊस, आणि लोकांच्या अंगावर मांडवाचा भाग कोसळला, कितीतरी माणसं जखमी. पावसाचं पाणी कापडावर साचलं की वजन किती होतं हे खालून कळत नाही. माझे स्पीकर मी मांडवाच्या खांबाला कधीच बांधत नाही. आणि खांबावर पोरं चढलेली दिसली तर आवाज सोडून आधी माईकवरून त्यांना उतरवायला लावतो, आयोजक रागावले तरी चालेल.

पैसे चांगले मिळत असतील ना?

लोकांना वाटतं तसं नाही. मुख्य ठेका मोठ्या माणसाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून आमच्याकडे. एका सभेचे पैसे मला आठ महिन्यांनी आले आणि तेही कापून. पण केबल ओढणाऱ्या पोरांची हजेरी मी त्याच रात्री देतो, घरून आणून देतो, कारण ती तीन दिवस उन्हात होती.

सभा संपल्यावर काय?

हेलिकॉप्टर उडालं की वीस मिनिटांत मैदान रिकामं, चपला, पाण्याच्या बाटल्या, झेंडे, आणि आम्ही. परत जायलाही सिक्युरिटीची परवानगी मिळेपर्यंत थांबायचं. मग केबल गुंडाळायची, एक वेढा सुलट एक उलट, म्हणजे पीळ बसत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ पडते. टॉवर खाली घ्यायचे, प्रत्येक माईक पुसून डब्यात, डबे मोजायचे, दोनदा मोजायचे. रात्री दोन वाजता टेम्पो भरतो. सकाळी त्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळायला येतात, म्हणून खुंट्या उपटलेले खड्डे माती टाकून पायाने दाबून मगच निघतो.